युनिफॉर्मची कंबर

केसांचं रबर तुटलं तेव्हा माझ्यासमोर अकरा माणसांची रांग उभी होती. सकाळचे साडेसात. सगळे उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले, चहाचा घोटही न घेतलेले, म्हणजे आधीच तापलेले. मी काउंटरमागे उभी. शर्ट पँटमध्ये खोचलेला, वर निळं जाकीट, गळ्यात ओळखपत्र. पँटचं बटण काही केल्या लागत नव्हतं म्हणून घरून निघताना केसांचं रबर काजातून ओवून बटणाला अडकवलं होतं. ते तुटलं आणि चेन आपली खाली सरकली. पुढची दहा मिनिटं मी डाव्या हाताने पँट धरून उजव्या हाताने पावत्या दिल्या. एका काकांनी काळजीने विचारलंसुद्धा, हाताला लागलंय का. मी हो म्हटलं.

राग मला लवकर येतो. माहेरी सगळे म्हणायचे, हिच्या नाकावरच राग बसलेला असतो. पण पँटचा राग त्या दिवशी पहिल्यांदा आला. आमचा युनिफॉर्म केंद्राने ठरवलेल्या माणसाकडूनच घ्यायचा. कंबर बत्तीस, नाहीतर चौतीस. शर्ट आत खोचायचाच, हा नियम दाराला चिकटवलेला. सतरा बायका काम करणाऱ्या ठिकाणी एकीलाही कधी पोट येणार नाही, असं कुठल्या शहाण्याने गृहीत धरलं असेल?

आणि मला तर पोट आहे हे कुणाला कळूनही चालणार नव्हतं. तिसरा महिना होता. शांती नगरातल्या त्या तपासणी केंद्रात मी पाच वर्षं होते आणि पाचही वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर. अकरा महिने झाले की नवा कागद, नवी सही. माझा कागद दीड महिन्याने संपत होता. माझ्याआधी काउंटरवर जी मुलगी होती तिला पाचव्या महिन्यात पेढे वाटायची हौस आली. तिने वाटले, आम्ही खाल्ले. तिचा कागद संपला आणि नवा निघालाच नाही. तिला काढलं असं कुणी म्हणालं नाही. कागद संपला, एवढंच. बाळंतपणाची पगारी रजा द्यायला लागू नये म्हणून हे करतात, हे पाणी भरणाऱ्या माणसापासून सगळ्यांना माहीत होतं. तिच्या जागी मला आतल्या कामावरून आणून उभं केलं आणि मी उभी राहिले. तेव्हा मला अजिबात राग आला नव्हता, हेही इथे लिहून टाकते.

मला नोकरी हवी होती आणि बाळही हवं होतं. नव्या कागदावर सही होईपर्यंत पोट झाकायचं, मग सांगायचं, असं मी ठरवलं. नवऱ्याचं म्हणणं, एवढी कसरत कशाला, घरी बस की, बाळ महत्त्वाचं. तो हे सोफ्यावर पाय पसरून म्हणाला. बाळ महत्त्वाचं हे त्याने मला सांगावं, जिला दिवसातून तीनदा उलटी होत होती तिला! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मी त्याच्याशी फक्त भाजी वाढण्यापुरतं बोलले.

मग मी शिवायला बसले. शिवणकाम मला शाळेत शिकवलं तेवढंच येतं, धावदोरा आणि हूक लावणं. स्टेशनजवळच्या लेस-बटणांच्या दुकानातून बोटभर रुंदीचं इलॅस्टिक आणलं. दुकानदार गुजराती, आठवड्यातून एकदा तरी मी जातेच त्याच्याकडे. त्याने विचारलं, बेन, किसके लिए. मी म्हटलं, उशीच्या अभ्र्यासाठी. इतकं खोटं माझ्या तोंडून सहज निघायला लागलं होतं. इलॅस्टिकचा चार बोटं लांब तुकडा कापला, एका टोकाला बटण लावलं, दुसऱ्या टोकाला काजाएवढा फासा शिवला. आता पँट चार बोटं उघडी ठेवून बंद करता येत होती. उघडी राहिलेली चेन झाकायला नवऱ्याचं जुनं बनियन बगलेखाली आडवं कापलं, दुमडून दुहेरी केलं आणि तो पट्टा पोटावर चढवला. दिसायला आत बनियन घातल्यासारखंच. मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

पट्टा दोन दिवसांत उसवला. बनियनचं कापड ताणतं, माझा धावदोरा ताणत नाही. दोरा तटतट तुटत गेला. मी परत शिवला, परत उसवला. तिसऱ्यांदा मी तो शिवत बसले असताना सासूबाईंनी बघितलं.

माझ्या सासूबाईंनी बावीस वर्षं भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात पँटी शिवल्या. म्हणजे आख्खी पँट कधीच नाही. त्यांच्याकडे फक्त कमरपट्टा लावायचं काम. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरपट्टेच कमरपट्टे. इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या घरात त्यांची शिवणाची मशीन खिडकीशी आहे आणि तिच्यावर दुसऱ्या कुणी हात ठेवलेला त्यांना खपत नाही. माझ्या हातात सुई बघून त्या आधी ओरडल्या की जन्माआधी बाळासाठी काही शिवू नये. मी म्हटलं, आई, हे बाळासाठी नाही, माझ्यासाठी आहे. त्यांनी पट्टा हातात घेतला, टाके बघितले आणि असं तोंड केलं की मला शाळेतल्या शिवणाच्या बाई आठवल्या. मग मशीनवर बसून त्यांनी तो पाच मिनिटांत शिवून दिला. होजिअरीचं कापड दोन्ही हातांनी पुढे-मागे ताणून धरायचं आणि ताणलेलंच सुईखालून जाऊ द्यायचं, म्हणजे अंगावर ताणलं तरी दोरा तुटत नाही. एवढंच होतं ते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

त्यांना मी सगळं सांगितलं. कागद, सही, पेढेवाली मुलगी, सगळं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे तुझं, झाकली मूठ सव्वा लाखाची. सही होईपर्यंत कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. मला हायसं वाटलं. घरात निदान एक माणूस माझ्या बाजूचं होतं.

आता यापुढचं लिहिताना मला अजून राग येतो.

तिसरा संपत आला तशी सासूबाईंनी चोरओटी काढली. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात पाच सवाष्णी बोलावून, कुठे बोभाटा न करता, गुपचूप ओटी भरतात. डोहाळजेवण सगळ्या जगाला बोलावून सातव्यात, पण ही घरातल्या घरात. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, अगं, नावच चोरओटी, कुणाला कळणार आहे. रविवारी दुपारी पाचजणी आल्या: शेजारच्या काकू, सासूबाईंची बहीण, एक चुलतजाऊ आणि भजनी मंडळातल्या दोघी. हिरवा खण, नारळ, तांदूळ, गजरा. हिरव्या बांगड्या भरल्या, त्या मी युनिफॉर्मच्या लांब बाहीत ढकलीन असं ठरवलं. पाटावर बसले तेव्हा खरं सांगते, मला बरं वाटलं. डोळेही भरून आले. कुणीतरी फोटो काढला, तेव्हा मी पदर सावरून हसलेही.

सोमवारी सकाळी मी काउंटरवर पोचले, तर माझ्या शेजारी बसणारी मुलगी खुर्चीवरून उठून माझ्या गळ्यात पडली. "काँग्रॅट्स, ताई! फोटोत किती गोड दिसताय!" समोर रांग. मागे रक्त घेणारी माणसं. आतल्या केबिनचं दार उघडं आणि केबिनमध्ये व्यवस्थापक साहेब चहा पिताहेत.

सासूबाईंनी फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला होता. खाली लिहिलेलं, आमच्या सूनबाईंची चोरओटी, आणि पुढे जोडलेले हात. सासूबाईंच्या साखरेचे रिपोर्ट आमच्याच केंद्रातून त्यांच्या व्हॉट्सॲपवर जातात. ते पाठवायचं काम त्या मुलीचं. म्हणून त्यांचा नंबर तिच्याकडे आणि तिचा नंबर त्यांच्याकडे. पाच सवाष्णी बोलावून, दार लावून, गुपचूप भरलेली ओटी रातोरात गावभर झाली होती. त्या मुलीची काही चूक नव्हती. बिचारी मनापासून आनंदली होती. तिच्यावर रागावताही येईना, त्याचा वेगळा राग.

अर्ध्या तासात साहेबांनी आत बोलावलं. बसा म्हणाले. मला पाच वर्षांत त्या खुर्चीवर कधी बसवलं नव्हतं. हिंदीत अभिनंदन केलं, त्यांची बायको बाळंतपणात किती दमली होती ते सांगितलं. मग म्हणाले, काउंटरवर उभं राहणं आता बरं नाही, उद्यापासून मागच्या खोलीत बाटल्यांना लेबलं लावा. आणि कागदाचं? मी विचारलं. "पहले आप आराम करो. बाद में देखेंगे. आपकी भलाई के लिए ही बोल रहा हूँ।" माझी भलाई हा शब्द मी त्याआधी कधी इतका घाण ऐकला नव्हता. मला तिथे खूप काही बोलायचं होतं आणि मी जी म्हणून उठले. त्या जी ची लाज मला आजही वाटते.

घरी आले ती चपला काढायच्या आधीच सुरू झाले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तुमच्या हौसेपायी माझी नोकरी घालवलीत, हे बोलले. मोबाईल वापरायची अक्कल नाही तर घेता कशाला, हेही बोलले. नवरा मध्ये पडायला आला, त्यालाही दोन ऐकवली. सासूबाई मशीनपाशी बसून होत्या. पहिल्यांदा त्या पुटपुटल्या की तुझ्या ऑफिसातली पोरगी माझं स्टेटस बघते हे मला काय ठाऊक. मी म्हटलं, पण टाकायचंच कशाला होतं? कुणाला दाखवायचं होतं तुम्हाला?

त्यांनी मोबाईल मशीनवर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "माझी कुणी भरलीच नाही गं."

माझ्या नवऱ्याच्या वेळी त्या गाळ्यात होत्या. जुन्या लुगड्याची पट्टी पोटावर घट्ट आवळून सातव्या महिन्यापर्यंत त्या मशीनवर बसल्या, पुढे झाकेना तेव्हा गावी जायचं सांगून घरी राहिल्या. शेठला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी मशीनवर दुसरी बाई बसली असती. पट्टी इतकी घट्ट असायची की दुपारचा डबा उभ्यानेच खायच्या, बसून घास उतरायचा नाही. "ओटी भरायची तर कुणालातरी सांगावं लागतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझी भरली, तर वाटलं, बघू देत सगळ्यांना."

माझा राग गेला नाही. खोटं कशाला सांगू. पण तो आता त्यांच्यावर काढता येईना. मी तिथेच जमिनीवर बसले, आणि पोटाला काचणारा तो पट्टा सगळ्यांदेखत काढून टाकला.

नवऱ्याने तेव्हा पहिल्यांदा सोफ्यावरून उठून काहीतरी उपयोगाचं केलं. मोबाईलवर शोधून शोधून त्याने वाचून दाखवलं की गरोदर आहे म्हणून बाईला कामावरून कमी करता येत नाही. मग त्याच्या स्वभावाप्रमाणे म्हणाला, पण त्याच कारणाने काढलं हे दाखवावं लागेल, ते तर तोंडी गोड बोलतात. सासूबाईंनी यातलं काहीच ऐकलं नाही. त्यांनी कात्री घेतली आणि म्हणाल्या, पँट आण.

मी घाबरले. युनिफॉर्मची पँट कापली की मग लपवायचं काही राहणार नव्हतं. मी म्हटलं, आई, थांबा जरा. त्या म्हणाल्या, आता काय राहिलंय लपवायचं, ते सांग. बटण काढलं, चेन उसवली, पुढचा कमरपट्टा सरळ कापून टाकला. खिशापासून खिशापर्यंत खाली गोलाई घेऊन कापड कापलं. त्या जागी निळ्या होजिअरीचा दुहेरी तुकडा, ताणून ताणून शिवलेला. वर नेफा केला आणि त्यात रुंद, मऊ इलॅस्टिक घातलं, टोकं मोकळी ठेवून, महिना वाढेल तसं सोडायला. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पँटींना कमरपट्टे लावणाऱ्या बाईने तासाभरात एक कमर कापून टाकली. मी ती घातली आणि कितीतरी आठवड्यांनी पोट सैल सोडून श्वास घेतला. इतकं साधं होतं हे. एवढ्याशा कापडासाठी मी महिनाभर श्वास आत ओढून उभी राहत होते. मला रडू आलं, तेही रागाने.

दुसऱ्या दिवसापासून मी शर्ट बाहेर काढून कामावर जायला लागले. मागच्या खोलीत लेबलं लावली. शर्ट खोचा, असं मला दोनदा सांगितलं गेलं. दोन्ही वेळा मी म्हटलं की खोचता येत नाही, हवं तर दाखवते. पुढे कुणी सांगितलं नाही.

कागदाचा दिवस आला. पाचवा महिना चालू होता. साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. मी आधी तारखा वाचल्या. बाकी सगळ्यांना अकरा महिने, मला तीन. तीन महिने म्हणजे डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या दीड महिना आधी कागद संपणार. किती सफाईने मोजलं होतं! कुणालाही काढायला नको, कुणी वाईट दिसायला नको. मी विचारलं, मलाच तीन का? ते म्हणाले, आपकी कंडिशन देख के. मी म्हटलं, हेच मला लेखी द्या. भांडायचं असलं की मला हिंदी सुचत नाही, मराठीच येतं. साहेबांना ते नीट कळलं. ऐसा लिख के नहीं देते, म्हणाले.

मग मी पेन उचललं आणि सहीच्या जागेच्या वर, जिथे कोरी जागा होती तिथे, ठळक अक्षरात लिहिलं: मी पाच महिन्यांची गरोदर आहे. बाकी सगळ्यांना अकरा महिन्यांचा करार दिला, मला तीन महिन्यांचा. कारण विचारलं तर माझी अवस्था बघून, असं सांगितलं. ते लिहून दिलं नाही. खाली सही केली, तारीख घातली आणि मोबाईल काढून कागदाचा फोटो घेतला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ये यहाँ नहीं लिखते, मॅडम।"

"लिहिलंय आता," मी म्हटलं. "वाचून घ्या."

चार दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. पाचव्या दिवशी एक नवा कागद माझ्या लेबलांच्या ट्रेमध्ये ठेवलेला सापडला. अकरा महिन्यांचा. माफी नाही, एक शब्द नाही. मी सही केली आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता काउंटरवर जाऊन बसले. बसले, उभी राहिले नाही. आठवा संपेपर्यंत मी तिथे काम केलं, मग रजेवर गेले.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी घरातच बारसं केलं. त्याच पाचजणी, आणखी काही बायका. नणंदेने मुलीच्या कानात नाव सांगितलं. पाळण्याची दोरी सासूबाईंच्या हातात होती. मी शेजारी बसले होते, दूध उतरून गाऊन पुढून ओला झाला होता, म्हणून मी ओढणी ओढून घेतली. त्यांनी ते बघितलं आणि माझ्याकडे न बघता, दोरी ओढत ओढत, हळूच म्हणाल्या:

"ह्याचं बारसं झालंच नाही. बाराव्या दिवशी मी परत मशीनवर होते. असंच दूध यायचं. शेठ म्हणायचा, कापडाला डाग पडतील, लांब धर."

माझ्या कानात भण्ण झालं. भर बारशात मला इतका राग आला की समोरच्या बायका काय म्हणताहेत ते ऐकूच येईना. तो गाळा बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. तो शेठ हयात आहे की नाही तेही कुणाला ठाऊक नाही. जाऊन भांडायला कुणी उरलेलं नाही. मी एवढंच विचारलं, मग ह्याचं नाव कुणी ठेवलं? त्या म्हणाल्या, कुणी नाही. दाखल्यासाठी विचारलं तेव्हा शेजारणीने सुचवलं, ते लिहून टाकलं.

नवरा घुगऱ्यांचं ताट घेऊन आमच्या मागेच उभा होता. त्याला हे सगळं पहिल्यांदा कळत होतं. घुगऱ्या त्याने वाटल्या नाहीत, ताट तसंच हातात धरून उभा राहिला. माझ्या बाळंतपणाचाही तो बारावा दिवस होता आणि मी पगारी रजेवर होते.